मुलाच्या भावनिक अडचणी: तपासणीत बलस्थाने का विचारतात?

तुमचे मूल सतत चिडते, मारामारी करते, शाळेत जायला नकार देते किंवा गप्प गप्प राहते. त्याच्या तक्रारी सांगायला तुम्ही मानसोपचार ओपीडीत येता आणि डॉक्टर विचारतात, ‘त्याला काय चांगले जमते?’ हा प्रश्न तुमचे मन राखण्यासाठी नसतो. लक्षणांवरून आजार कळतो, तर उपचाराची सुरुवात कुठून करायची हे ठरवायला बलस्थानांची मदत होते.

काय पाहिले जाते?

अमेरिकेत एपस्टाइन आणि शर्मा यांनी १९९८ मध्ये यासाठी ‘बर्स’ ही ५२ विधानांची प्रश्नावली तयार केली. तिच्यात पाच बाबी पाहतात:

- इतरांशी वागणे: राग आवरता येतो का?
- कुटुंबाशी नाते: घरच्यांमध्ये मिसळते का?
- स्वतःविषयीची भावना: आपल्याला काय जमते हे त्याला माहीत आहे का?
- शाळा: वर्गात लक्ष देते का?
- जिव्हाळा: माया स्वीकारते का, मनातले सांगते का?

अशा परदेशी प्रश्नावलीचे गुण आपल्या मुलांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. म्हणून पालक, शिक्षक आणि मूल या तिघांशी बोलणे महत्त्वाचे.

याचा उपयोग काय?

समजा, दहा वर्षांची मुलगी वर्गात कुणाशीच बोलत नाही, पण घरी धाकट्या भावाला छान शिकवते. मग शिक्षकांच्या मदतीने तिला पहिलीतल्या एका मुलाला गोष्ट वाचून दाखवायला सांगता येते. बोलण्याचा सराव जमणाऱ्या कामातून सुरू होतो.

भेटीआधी काय कराल?

आठवडाभर नोंद ठेवा. मूल कधी शांत असते, कुणाजवळ रमते, काय मन लावून करते? तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल तासभर सजवत बसणे हीसुद्धा लिहिण्यासारखी गोष्ट आहे.

एक गैरसमज

‘घरी तर नीट वागतो, मग आजार कसला?’ असे म्हणून उपचार टाळू नका. गुडमन यांच्या १९९७ च्या २५ विधानांच्या प्रश्नावलीत मदतशीलपणाचे गुण वेगळे मोजतात. ते अडचणींच्या गुणांतून वजा होत नाहीत. गुणी मूलही आजारी असू शकते.

कुठे जाल?

वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय येथे मानसोपचार विभाग आहेत. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा क्रमांक मोफत असून २४ तास सुरू असतो.

मूल मरणाची भाषा करत असेल किंवा स्वतःला इजा करत असेल, तर त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.