चेहऱ्यातील भरणद्रव्ये आणि रुग्णाच्या समाधानाचा काळ

बसके नाक, व्रणांच्या खाचा अथवा सुरकुत्या भरून काढण्यासाठी त्वचेखाली एखादे द्रव्य टोचण्याच्या उपचाराचा इतिहास बहुधा द्रव्यांच्या अनुक्रमाने सांगितला जातो. तो अनुक्रम खोटा नाही. परंतु रुग्ण समाधानी होता की नव्हता हे त्याला केव्हा विचारले गेले, हा प्रश्न त्यात मागे पडतो. आमच्या मते या इतिहासाचा खरा पेच तेथेच आहे.

व्हिएन्ना येथील शस्त्रवैद्य रॉबर्ट गेर्सुनी याने इ. स. १८९९ मध्ये, क्षयामुळे अंडकोष काढावे लागलेल्या एका तरुणाच्या शरीरात व्हॅसलीन टोचले आणि पुढील वर्षी तो प्रयोग प्रसिद्ध केला. लवकरच हीच युक्ती नाकासाठी व गालांसाठी वापरात आली. सुई काढताक्षणीच नाक सरळ दिसे. वैद्य आणि रुग्ण दोघेही प्रसन्न होत, आणि याच प्रसन्नतेच्या काळात वृत्तान्त लिहिले जात. पॅराफिन शरीरात विरत नाही, हाच त्याचा मोठा गुण मानला गेला. पुढे मात्र ते जागा सोडून सरके, भोवती कठीण गाठी धरत, क्वचित रक्तवाहिनीत शिरून अंधत्वही येई. गाठींना कित्येकदा वर्षे लागत. तोवर वैद्याचा निबंध छापून झालेला असे! ग्लॅडिस डीकन या अमेरिकन सौंदर्यवतीने तारुण्यात नाकाच्या मुळाशी मेण टोचून घेतले. ते खाली उतरून तिचा चेहरा विद्रूप झाला. पुढे ती मार्लबरोची डचेस झाली म्हणून तिची कथा आपणापर्यंत पोहोचली. इतरांचे गाऱ्हाणे नोंदवण्यास कोणी नव्हते. फ्रेडरिक कोले याच्या १९११ सालच्या ग्रंथात दुष्परिणामांची लांबलचक यादी आहे, पण उपचाराची शिफारसही त्याच ग्रंथात आहे.

अमेरिकेत १९८१ साली गाईच्या कातड्यापासून काढलेल्या कोलॅजेनास मान्यता मिळाली आणि मूल्यांची उलटापालट झाली. हे द्रव्य काही महिन्यांत विरून जाई. विरणे हा आता दोष न राहता संरक्षण ठरले. मात्र त्याबरोबर समाधानही ओसरे आणि रुग्ण पुन्हा सुईकडे वळे. २००३ साली मान्य झालेल्या हायलुरोनिक आम्लाच्या द्रव्यास तर विशिष्ट विकराने विरघळवून टाकता येते. त्याच्या चाचणीत १३८ रुग्णांच्या चेहऱ्याच्या एका बाजूस हे द्रव्य व दुसऱ्या बाजूस कोलॅजेन टोचून तुलना करण्यात आली, हा मार्ग निःसंशय प्रामाणिक होता. तुलनेची मुदत मात्र सहा महिन्यांची होती.

दरम्यान रुग्णांच्या स्वतःच्या मूल्यमापनासाठी 'फेस-क्यू'सारख्या प्रश्नावल्या सिद्ध झाल्या. गेर्सुनीच्या काळी जे साधन नव्हते ते आता आहे. तथापि अलीकडच्या चुंबकीय अनुनाद चित्रणांत हे 'तात्पुरते' द्रव्य काहींच्या चेहऱ्यात अनेक वर्षांनंतरही आढळले आहे, आणि सहा महिन्यांवर थांबलेल्या प्रश्नावलीत त्या वर्षांचा रकाना नसतो.