पदकावर नसलेले थाळनेर

१/ नेपोलियनविरुद्ध लढलेल्यांसाठी, त्यांत स्वयंसेवकही आले, प्रशियाने १८१३ मध्येच स्मृतिपदक काढले. हस्तगत तोफांच्या धातूचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या शिपायांना मात्र १८०३ ते १८२६ च्या लढायांचे ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक १८५१ मध्ये लाभले, तेही तोवर हयात असलेल्यांनाच.

२/ या रौप्यपदकाच्या फितीवर लढायांच्या नावांच्या पट्ट्या असत : आसई, खडकी, कोरेगाव, महिदपूर अशा एकूण २१. त्यांत खानदेशातले थाळनेर नाही.

३/ महिदपूरला होळकरांना हरवणारे सर थॉमस हिस्लॉप २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठच्या थाळनेरपुढे येऊन ठाकले. मंदसोरच्या तहाने हा मुलूख इंग्रजांना मिळाला होता. पण किल्लेदार तुळशीराम मामांनी किल्ला सोडला नाही. किल्ला पडला, शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदारांना फाशी देण्यात आली.

४/ १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेने महिदपूरच्या विजयाबद्दल हिस्लॉप यांचे आभार मानले, मात्र थाळनेरची फाशी त्या ठरावातून स्पष्टपणे वगळली. खुद्द विजेत्यांनाही तिचा गौरव करवला नाही.

५/ शिरपूर तालुक्यात या किल्ल्याचे अवशेष आजही आहेत. पदके पाहताना त्यांवर नसलेली गावेही शोधावीत.