तज्ज्ञ साक्षीदार : एक तळटीप

* तज्ज्ञ साक्षीदार : येथे ‘तज्ज्ञ’ हा शब्द कायद्याच्या अर्थाने घ्यावा. साध्या साक्षीदाराने स्वतः पाहिले-ऐकले तेवढेच सांगायचे असते. ‘मला वाटते’ म्हणण्याची मुभा त्याला सहसा नसते. तज्ज्ञाला ती १८७२च्या भारतीय पुरावा कायद्यातील कलम ४५ने दिली. परदेशी कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर, बोटांचे ठसे ही त्यातली क्षेत्रे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ने त्यांत ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ अशी भर घातली.

नुसती पदवी किंवा हुद्दा मात्र पुरत नाही. हिमाचलमधील जय लाल खटल्यात (१९९९) बागेतील सफरचंदांच्या उत्पादनाचा अंदाज देणाऱ्या फलोद्यान अधिकाऱ्याचे मत सर्वोच्च न्यायालयाने ग्राह्य धरले नाही. त्या विषयाचा खास अभ्यास वा अनुभव हवा आणि मतामागची कारणे अशी मांडावीत, की न्यायाधीशाला ती स्वतः पारखता येतील, असे न्यायालयाने बजावले. मुरारीलाल खटल्यात (१९८०) हस्ताक्षरतज्ज्ञाच्या मताला दरवेळी दुजोरा हवाच असे नाही, असे ठरले. पण हे शास्त्र ठशांच्या शास्त्राइतके नेमके नसल्याने सावधगिरीही सांगितली.

सरकारी रासायनिक विश्लेषकाचा अहवाल फौजदारी खटल्यात त्याला न बोलावताही वाचता येतो. न्यायालयाला वाटल्यास मात्र त्याला पाचारण करता येते. तज्ज्ञाचे मत सल्ल्यापुरतेच, न्यायाधीशावर ते बंधनकारक नसते. पुढील साक्षी वाचताना वाचकांनी हे ध्यानात ठेवावे. — संपादक