ताऱ्यांचे अनित्यत्व आणि शिल्पकला

कऱ्हा, नीरा व भीमा या नद्यांच्या काठी राहणाऱ्या बारामती-इंदापूरच्या उपासकांना आटलेली नदी म्हणजे काय, हे सांगावे लागत नाही. १९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. म्हणून अंगुत्तर निकायातील सत्तसुरिय सुत्त त्यांना लवकर उमगावे. दुसरा सूर्य उगवताच ओढे आटतात, तिसऱ्याने महानद्या, पाचव्याने महासागर. सातव्याने पृथ्वी व सुमेरू पेटतात. त्यात आधुनिक खगोलशास्त्र शोधणे आम्हांस योग्य वाटत नाही. परंतु आकाशही अनित्यतेला अपवाद नाही, हा विचार त्यात निःसंशय आहे.

शिल्पात तो उशिरा उतरला. आमच्या पुणे जिल्ह्यातील भाजे येथील विहारात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे चार घोड्यांच्या रथाचे शिल्प आहे. रथातील पुरुषास अनेक अभ्यासक सूर्य मानतात. काहींचे मत भिन्न आहे. तो सूर्य असेल, तर शत्रूंना तुडविणारा राजा आहे. त्याच्या मरणाची खूण तेथे नाही.

याच जिल्ह्यात १९८८ साली, आजच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात, 'आयुका' ही संस्था स्थापन झाली. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर तिचे संस्थापक-संचालक होते. वास्तुशिल्पी चार्ल्स कोरिया यांनी तिच्या रचनेत 'रोश लोब' या आकृतीस स्थान दिले. परस्परांभोवती फिरणाऱ्या दोन ताऱ्यांच्या प्रभावक्षेत्रांची सीमा तिच्यात दिसते. एक तारा फुगून ही सीमा ओलांडू लागला, की त्याचे द्रव्य दुसऱ्याकडे वाहते. दुसरा श्वेतबटू असून त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे चंद्रशेखर मर्यादेपाशी पोहोचले, तर त्याचा स्फोट होऊ शकतो. विखुरलेल्या द्रव्यातून पुढे नवे तारे घडतात. कारण असेल तर कार्य घडते, कारण सरले की कार्यही सरते. प्रतीत्यसमुत्पाद जाणणाऱ्यास ही आकृती परकी वाटणार नाही.

बौद्ध विवाहविधीत मुहूर्ताला स्थान नाही. तरीही सोयरीक ठरविताना गुपचूप पंचांग उघडणारी कुटुंबे आहेत. नक्खत्त जातकात अशुभ नक्षत्राच्या भयाने वरपक्ष थांबला आणि वधू दुसऱ्या घरी दिली गेली. नक्षत्रे काय करणार, असा तेथे बोधिसत्त्वाचा प्रश्न आहे. जो तारा स्वतःच दुसऱ्याच्या द्रव्याने वाढतो व नष्ट होतो, त्याच्या हाती आमच्या लेकीचे भाग्य सोपविणे सम्यक दृष्टीस धरून नाही. ते तिच्या व आमच्या कर्मावर अवलंबून आहे.