फोल्डर-निरीक्षण आणि फाइलींची स्वयंचलित रवानगी

एखाद्या फोल्डरमध्ये नवी फाइल आली की माणसाचा हात न लागता ती दुसऱ्या संगणकाकडे पाठवणारी किंवा ठरलेल्या जागी हलवणारी, सतत चालू राहणाऱ्या स्क्रिप्टची योजना. प्रयोगशाळेतल्या यंत्रांचे अहवाल, बँकांमधल्या देयकांच्या याद्या, छपाईला जाणारी पाने अशा, एका प्रणालीने टाकायच्या आणि दुसरीने उचलायच्या फाइलींसाठी ती वापरतात. फाइल आल्याचे कळण्याचे मार्ग दोन. जुन्या मार्गात क्रॉनच्या वेळापत्रकाने दर काही मिनिटांनी फोल्डर चाळला जातो. नव्यात ऑपरेटिंग सिस्टिमच बदलाची वर्दी देते. लिनक्समध्ये आधी डीनोटिफाय होते. ते फोल्डरात काहीतरी बदलले एवढेच सांगे, कोणती फाइल ते सांगत नसे. 2005 साली कर्नलच्या 2.6.13 आवृत्तीत इनोटिफाय आले आणि फाइलीचे नाव व घटनेचा प्रकार दोन्ही कळू लागले. विंडोजवर डॉटनेटमधील फाइल-सिस्टिम-वॉचर आणि मॅकवर 2007 पासून एफएस-इव्हेंट्स बदलाची वर्दी देतात.

या सोयीमुळे वर्दी आली म्हणजे फाइल तयार झाली, असा समज रुजला आहे. या क्षेत्रातल्या बहुतेक बिघाडांचे मूळ याच समजात आहे. फाइल निर्माण झाल्याची वर्दी तिचा पहिला बाइट लिहिला जाण्यापूर्वीच येते. मोठी फाइल जाळ्यावरून हळूहळू उतरत असेल, तर उतावळी स्क्रिप्ट अर्धीच फाइल पुढे धाडते. इनोटिफाय ‘लिहून बंद झाली’ अशी वेगळी वर्दी देते आणि ती नक्कीच अधिक भरवशाची आहे. पण पाठवणाऱ्याचे कनेक्शन मध्येच तुटले तरी सर्व्हर ती फाइल बंदच करतो, म्हणजे वर्दी तीच आणि फाइल मात्र अपुरी. शिवाय वर्दी हरवूही शकते. इनोटिफायच्या रांगेत ठरावीकच घटना मावतात. ही मर्यादा सहसा 16384 असते. रांग भरून वाहिली की ‘काही घटना गळाल्या’ एवढेच कळते, कोणत्या ते कळत नाही. विंडोजच्या वॉचरचा बफर मुळात 8192 बाइटांचा आहे आणि त्याचीही तीच गत होते. एनएफएसवर, म्हणजे जाळ्यावरच्या सामायिक फाइल-सिस्टिमवर, ठेवलेल्या फोल्डरात दुसऱ्या संगणकाने केलेला बदल इनोटिफायला दिसतच नाही. स्क्रिप्ट बंद असताना आलेल्या फाइलींची वर्दीही नंतर मिळत नाही.

म्हणून विश्वासार्हता पाळतीतून येत नाही. ती टाकणारा आणि उचलणारा यांच्यातल्या करारातून येते. यातला सर्वांत भक्कम करार नाव बदलण्याचा आहे. फाइल तात्पुरत्या नावाने पूर्ण लिहायची आणि मगच तिला खरे नाव द्यायचे. पॉझिक्स प्रणालींत एकाच फाइल-सिस्टिमच्या आत नाव बदलणे ही अखंड क्रिया असते. अर्धवट नाव बदललेली फाइल कोणालाच दिसत नाही. डॅनियल बर्नस्टाइन यांनी क्यूमेल या टपाल-प्रणालीसाठी रचलेली मेलडिर पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. पत्र ‘टीएमपी’ या उपफोल्डरात लिहिले जाते आणि पूर्ण झाले की ‘न्यू’मध्ये जाते, वाचणाऱ्या प्रोग्रामला कुलूप लावावे लागत नाही. फाइलींच्या प्रती पाठवणारे आरसिंकसुद्धा एरवी टिंबाने सुरू होणाऱ्या लपवलेल्या नावाने लिहून शेवटी नाव बदलते. तेव्हा फक्त ‘लिहून बंद झाली’ या वर्दीवर विसंबलेली स्क्रिप्ट त्या तात्पुरत्या नावामागे धावते, आणि ती पोचेपर्यंत ते नाव नाहीसे झालेले असते. अशा ठिकाणी ‘या फोल्डरात हलवली गेली’ ही वर्दी ऐकायला हवी.

यावर पहिला आक्षेप असा की टाकणारा आपल्या हातात नसतो. मग आकार काही सेकंद स्थिर राहिला की फाइल उचलावी. उपाय सोपा आहे, पण जाळे त्या काही सेकंदांहून जास्त वेळ अडखळले तर तोही फसतो. त्यापेक्षा फाइलीच्या अंतरंगाची साक्ष घ्यावी: शेवटच्या ओळीतली नोंदींची संख्या, सोबत आलेला चेकसम, किंवा झिप असेल तर तिच्या शेवटी असणारी अनुक्रमणिका. दुसरा आक्षेप असा की हे सारे करायचे तर संदेश-रांग किंवा एपीआयच वापरावे. दोन्ही बाजू नव्याने बांधायच्या असतील तर हा सल्ला योग्यच आहे. परंतु केवळ फाइल साठवणे जाणणारी यंत्रे वर्षानुवर्षे कामात राहतात, आणि त्यांच्याशी बोलण्याची एकमेव सामायिक जागा फोल्डर हीच असते. शिवाय अनेक संदेश-रांगाही एकच संदेश दोनदा देऊ शकतात. दुबार काम टाळण्याची जबाबदारी तिथेही सुटत नाही.

तिसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: हरवलेल्या फाइलींसाठी फोल्डर चाळावाच लागणार असेल, तर वर्दी हवीच कशाला? विलंब कमी करण्यासाठी. चाळणीमुळे कोणतीही फाइल कायमची मागे राहत नाही, वर्दीमुळे ती मिनिटांऐवजी क्षणात निघते. एकीचे काम दुसरीवर लादले की योजना कोलमडते. पाठवून झालेली फाइल पोच मिळाल्यावरच वेगळ्या फोल्डरात हलवली, तर चाळणी स्वस्त राहते आणि काय उरले तेही दिसते. स्क्रिप्ट सुरू होताना मात्र आधी पाळत लावावी, मग जुन्या फाइली चाळाव्यात. क्रम उलटा झाला तर दोहोंच्या मधल्या क्षणात आलेली फाइल दोन्हींच्या नजरेतून निसटते. योग्य क्रमात ती फार तर दोनदा दिसते, आणि ते पाठवलेल्या फाइलींच्या नोंदवहीवरून ओळखता येते.