शक, अंदेशा आणि वहीम

मीरा-भाईंदर शहराच्या हद्दींत, खाडीच्या कांठीं, घोडबंदरचा किल्ला आहे. १५३४ सालीं गुजराथच्या बहादुरशहानें वसई प्रांत पोर्तुगीजांच्या हवालीं केला. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई जिंकून तेथील तो अंमल संपविला. धनी बदलला म्हणजे कुणब्याच्या मनांत पहिला प्रश्न येतो तो असा कीं, नवा धनी आपलें शेत राखील कीं लुटील? या मनःस्थितीस आपल्या भाषेंत जीं नांवें आहेत, त्यांचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

'संशय' व 'शंका' हे संस्कृत शब्द आपणांपाशीं होतेच. न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत संशयाचें स्थान तिसरें. संधिप्रकाशांत दूर दिसतें तें खोड कीं माणूस, असें दोलायमान ज्ञान म्हणजे संशय. त्यावांचून निर्णयाची गरजच उत्पन्न होत नाहीं. पुढें मुसलमानी अमदानींत फारसी ही दफ्तराची भाषा झाली, आणि तिच्यावाटे मूळचे अरबी 'शक' व 'वहीम' आणि फारसी 'अंदेशा' हे शब्द मराठींत आले. अंदेशाचा मूळ अर्थ विचार व चिंता. आपल्याकडे उरली ती चिंताच.

हे शब्द जुन्या कौलनाम्यांत कसे येतात तें पाहण्यासारखें आहे. लढाईमुळें वा दुष्काळामुळें परागंदा झालेल्या रयतेस सरकार कौल देई. कांहीं शक अंदेशा न धरितां परत येऊन वस्ती करावी, असा त्याचा आशय असे. म्हणजे येथें संशय रयतेच्या मनांतला, आणि तो फेडण्याचें ओझें राजाच्या शिरावर. ओसाड शेतांतून महसूल येत नाहीं, ही व्यवहारी जाणीव त्यामागें होतीच. तरी रयतेचा संशय हा अपराध मानिला जात नसे.

'वहीम' या शब्दाची वाट निराळी. तो फौजदारी कज्जांच्या भाषेंत रुळला. आज तेथें 'संशयित' हा शब्द अधिक चालतो. आतां संशय धरणारें सरकार, आणि तो ज्यावर धरावयाचा तो प्रजाजन. राज्यास असा संशय धरावाच लागतो. परंतु वर्तमानपत्रांत 'संशयित' हा शब्द वाचतांच आपण त्या माणसास मनोमन अपराधी ठरवितों, तेव्हां शब्दाचा मूळ अर्थच विसरतों. खोड कीं माणूस, याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे, एवढेंच तो शब्द सांगत असतो.