ज्येष्ठातली शाकारणी

शंभर वर्षं मागे या. हे पूर्व विदर्भातल्या नवेगावबांधच्या पंचक्रोशीतलं एक गाव. ज्येष्ठाची दुपार आहे, पायाखालची माती चटके देतेय आणि वाळवून ठेवलेल्या मोहफुलांचा गोडसर, आंबूस वास नाकात भरलाय. समोरच्या घरात चला. मान लववा, नाहीतर चौकट कपाळाला लागेल.

आत आलात की घाम थांबतो. पंखा नाही, तरी गारवा आहे. भिंतीवर तळवा टेका. हातभर जाडीची ही भिंत ऊन सहजासहजी आत येऊ देत नाही. सारवणाखाली बोटांना धानाच्या तनसाच्या काड्या लागतात. त्या मातीला धरून ठेवतात, म्हणून भेगा कमी पडतात. तापलेली हवा वर चढते आणि छपराच्या कवेलूंच्या फटींतून निघून जाते.

"ये बापू, कवेलू दे ना वर!"

हाक तुम्हालाच आहे. पाऊस तोंडावर आलाय आणि वर्षभर माकडांनी नाचून छप्पर पार विस्कटलंय. नवी कवेलू कुंभाराकडून आलीत. चाकावर नळकांडं काढायचं, उभं चिरून दोन करायची, मग भाजायची. एकेक वर द्या. जुनं कवेलू मात्र जपून उचला, खाली विंचू दडलेला असतो! धूळ डोळ्यांत जाते, बांबू करकरतात, पोरं ओरडतात, खालून म्हातारी सूचनांवर सूचना देते.

आता जेवायला बसा. पळसाच्या पानांची पत्रावळ, वाफाळता भात, तलावातल्या मासळीचं झणझणीत कालवण. हात धुऊन पत्रावळ टाकायला कचऱ्याचा डबा शोधू नका. पत्रावळ उकिरड्यात जाते आणि उकिरडा पावसाआधी धानाच्या बांधीत. चुलीची राख भांडी घासते. हात धुतलेलं पाणी घरामागच्या सांदवाडीतल्या केळीला मिळतं.

संध्याकाळी तलावावर चला. कोहळी समाजानं पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या, जपलेल्या तलावांचा हा मुलूख. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभे राहा. हिच्या पोटातल्या तुडुमातून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, सुटणारं पाणी पाटानं बांध्यांत उतरतं. उन्हाळ्यात तलाव आटला की तळाचा गाळ बैलगाडीनं शेतात जातो. तलाव खोल होतो आणि धानाला खत मिळतं.

या घरातलं जवळजवळ सगळं हाकेच्या अंतरावरून आलंय आणि उद्या मातीत मिसळू शकतं. पण ते उभं राहतं माणसांच्या कष्टांवर. दर वर्षी सारवायचं, लिंपायचं, शाकारायचं. हे एकट्याचं काम नव्हे. आज शेजारी तुमच्या छपरावर राबला. उद्या पहाटे, कंबर दुखत असली तरी, तुम्ही त्याच्या छपरावर चढायचंय.